जुना गेमिंग पीसी: आधी कोणता पार्ट बदलायचा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे", "ते आपलं" वगैरे काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आपल्याकडे येणाऱ्या मेलमध्ये एक प्रश्न हमखास असतो: "माझा पीसी सहा-सात वर्षं जुना आहे, गेम अडकतात, कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" कधी ग्राफिक्स कार्डच्या जागी प्रोसेसर असतो, कधी रॅम. प्रश्नाच्या पोटात एक उत्तर आधीच गृहीत धरलेलं असतं, की दोष या पार्टचाच आहे. आज मी कार्डांची यादी देणार नाही. आपल्या मशीनमध्ये नेमकं काय कमी पडतंय हे कसं ओळखायचं आणि मग पैसे कोणत्या क्रमाने घालायचे, तेवढंच सांगणार आहे.

उदाहरणाला माझ्या अकोल्याच्या मावसभावाचा पीसी घेऊ. २०१८ च्या दिवाळीत जोडलेला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस, आणि १०८० पी, ६० हर्ट्झचा मॉनिटर. आता तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे गेमसोबत कॉलेजचं कॅडही याच मशीनवर चालतं. बजेट ३० हजार, आणि ते मावशीच्या भिशीचे. एकदा खर्च झाले की पुढची दोन वर्षं दुसरे नाहीत. त्याने पाठवलेल्या यादीत सगळ्यात वर होतं आरजीबी कॅबिनेट आणि लिक्विड कूलर. दुकानात त्याला सांगितलं होतं, "हे सगळं विकून टाक, नवीन सेट घे." दोन्हीतून गेम एका फ्रेमनेही वेगात चालला नसता. कॅबिनेटने वेग येत नाही, आणि ३० हजारांत नवा सेट घेतला तर त्यात धड ग्राफिक्स कार्ड बसत नाही.

कोण कोणाची वाट बघतंय?

घरात आई पोळ्या लाटतेय आणि बाबा भाजतायत असं समजा. ताटात मिनिटाला किती पोळ्या पडतील हे दोघांपैकी जो हळू आहे त्याच्यावर ठरतं. लाटण्याचं काम मागे पडलं तर तवा रिकामा तापत राहतो. भाजण्याचं मागे पडलं तर लाटलेल्या पोळ्या पोळपाटाशी साचतात. रिकाम्या तव्यापुढे अजून मोठा तवा आणून ठेवला तर पोळ्या वाढणार आहेत का?

गेममध्ये लाटण्याचं काम प्रोसेसरचं. कोण कुठे आहे, कोणाला गोळी लागली, पुढच्या चित्रात काय काय काढायचं, हे तो ठरवतो. भाजण्याचं काम ग्राफिक्स कार्डचं, ते प्रत्यक्ष चित्र रंगवतं. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. यात जो उशीर करतो तो तुमचा अडसर, आणि पैसे तिथेच घालायचे.

गंमत अशी की अडसर गेमनुसार बदलतो. व्हॅलोरंट किंवा सीएसमध्ये चित्र हलकं असतं आणि फ्रेम शेकड्यांत, म्हणून ओझं बहुधा प्रोसेसरवर येतं. सायबरपंकसारख्या गेममध्ये कार्डचा घाम निघतो. म्हणून दोस्ताच्या मशीनवर जो पार्ट जादू करून गेला, तो तुमच्याकडे तसाच चालेल असं नाही.

मोजायचं कसं?

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका. दोन्ही फुकट आहेत आणि कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतात. गेम सुरू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा वापर, व्हीरॅम, रॅम, तापमान आणि फ्रेमरेट दिसू द्या. व्ही-सिंक आणि फ्रेम लिमिट बंद करा, नाहीतर ६० वर अडवलेला आकडा बघून भलताच निष्कर्ष निघेल. मग तुमचा नेहमीचा गेम वीसेक मिनिटं खेळा.

जीपीयू सतत ९७-९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, अडसर तेच. जीपीयू ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि फ्रेमरेट तरी वाढत नाही, तर कार्ड प्रोसेसरची किंवा रॅमची वाट बघतंय.

इथे एक आकडा हमखास चकवतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३५ टक्के दिसतो आणि आपण म्हणतो, "प्रोसेसर तर निवांत आहे." रायझन ५ २६०० ला १२ थ्रेड आहेत. त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपासच दिसतो. गेमचं मुख्य काम बऱ्याचदा एक-दोन थ्रेडवर अडतं, त्यामुळे एकूण वापर कमी दिसत असतानाही प्रोसेसर दमलेला असू शकतो.

शंका राहिलीच तर सोपी कसोटी आहे. रिझोल्यूशन १०८० पी वरून ७२० पी करा. १०८० पी म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, ७२० पी म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. कार्डचं ओझं निम्म्याहून कमी झालं, प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहिलं. फ्रेमरेट उसळला तर अडसर कार्डचा होता. जागचा हलला नाही तर प्रोसेसरचा.

सरासरी फ्रेमरेटवर भुलू नका. सगळ्यात मंद १ टक्का फ्रेमचा आकडाही बघा. सरासरी ७० आणि हा आकडा २० असेल, तर वळणावर, स्फोटात, नव्या भागात शिरताना गेम अडखळणार. असं अडखळणं पुष्कळदा रॅम, व्हीरॅम किंवा हार्ड डिस्कमुळे होतं.

मावसभावाकडे सायबरपंकमध्ये जीपीयू ९९ टक्के, ४ जीबी व्हीरॅम काठोकाठ, फ्रेमरेट कमी सेटिंगवरही तिशीच्या आसपास. ८ जीबी रॅमसुद्धा जवळजवळ संपलेली. व्हॅलोरंटमध्ये कार्ड पूर्ण भरतच नव्हतं, पण फ्रेम मॉनिटरच्या ६० हर्ट्झपेक्षा कितीतरी जास्त येत होत्या. म्हणजे तिथे प्रोसेसर कमी पडत असला तरी त्याच्या डोळ्यांना ते दिसणारच नव्हतं. मॉनिटर हाही हिशेबाचा भाग असतो तो असा.

आधी फुकटचं

पैसे काढण्याआधी अर्धा दिवस मशीनला द्या. कॅबिनेट उघडा, ब्लोअरने धूळ काढा आणि तेव्हा पंखे बोटाने धरून ठेवा, ते गरागरा फिरू देऊ नका. प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदला. आपल्या हवेत याला फार महत्त्व आहे. पार्टचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याची स्वतःची उष्णता. अकोल्यात मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतात. खोली २५ वरून ३८ ला गेली की आतलं सगळंच साधारण १३ अंशांनी वर सरकतं, आणि एका मर्यादेनंतर कार्ड स्वतःहून वेग कमी करतं. पीसी टेबलाखालच्या बंद कप्प्यात असेल तर आधी बाहेर काढा.

मग बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू आहे का बघा. काही बोर्डवर त्याला डीओसीपी म्हणतात. ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २४०० किंवा २६६६ वर चालत असते आणि मालकाला पत्ताच नसतो. गेममध्ये एफएसआरचा पर्याय असेल तर तोही लावून बघा. तो आतल्या आत कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करतो, आणि त्याच्या २०२५ आधीच्या आवृत्त्या जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालतात.

रॅम आणि एसएसडी

एकच स्टिक असलेल्या मशीनला दुसरी स्टिक घालणं हा मला तरी सगळ्यात परवडणारा उपाय वाटतो. जागा ८ ची १६ जीबी होतेच, शिवाय प्रोसेसरकडे जाणारा रस्ता दुपदरी होतो. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते. दोन चॅनेलमध्ये दोन स्टिक लावल्या की ५१.२ जीबी. चार स्लॉटच्या बोर्डवर त्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात, तरी मॅन्युअल बघूनच लावा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक बहुतेक वेळा एकत्र नांदतात, फक्त दोघी मंद स्टिकच्या वेगाने चालतात.

एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती भडकल्या. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा डीडीआर५ सेट घेण्याऐवजी जुना डीडीआर४ बोर्ड टिकवण्याला त्यामुळे आणखीच अर्थ आलाय. आम्ही ८ जीबीची दुसरी स्टिक वापरलेली घेतली आणि रात्रभर मेमटेस्ट८६ लावून ठेवला. एकही एरर आली असती तर ती परत केली असती.

हार्ड डिस्कबद्दल फार बोलत नाही. फिरती तबकडी नव्या गेमना पुरत नाही. सायबरपंकने २०२३ मध्ये किमान गरजांतून हार्ड डिस्क काढून टाकली, स्टारफिल्डनेही एसएसडी सक्तीची केली. बी४५० बोर्डवर एम.२ स्लॉट असतो, त्यात साधी जेन ३ एनव्हीएमई पुरते. जेन ४ लावली तरी ती जेन ३ च्याच वेगाने चालेल. सिनेमे आणि फोटो राहू देत जुन्या डिस्कवर.

ग्राफिक्स कार्ड

जीटीएक्स १०५० टीआय २०१६ चं. आपल्याकडे या कार्डाने एक अख्खी पिढी गेमिंगला लावली, कारण ७५ वॉटमध्ये चालायचं आणि वेगळी पॉवर केबलही लागायची नाही. पण आता तीन दारं बंद झालीत. एक, एनव्हिडियाने या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. दोन, २०२४ च्या डिसेंबरमधला इंडियाना जोन्स आणि २०२५ चा डूम: द डार्क एजेस हे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंग नसेल तर चालतच नाहीत. तीन, ४ जीबी व्हीरॅम.

व्हीरॅम म्हणजे तव्याशेजारचा ओटा. तो भरला की सामान रॅममध्ये ठेवावं लागतं आणि दर वेळी पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने आणावं लागतं. १०५० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ११२ जीबी देते, पीसीआयई ३.० ची १६ पदरी वाट मात्र १६ च्या आसपास. फरक सातपटीचा. गेम अचानक गचके खातो तो इथे. आज १०८० पी साठीही ८ जीबीपेक्षा कमीचं कार्ड घेऊ नका.

जुन्या बोर्डवर आणखी दोन गोष्टी बघा. पहिली, कार्ड किती पदर वापरतं. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ पदर वापरतात. पीसीआयई ३.० वर थोडं नुकसान होतं, पण चालून जातं. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार पदर वापरतं आणि त्यात ४ जीबी मेमरी, म्हणजे जुन्या बोर्डवर दुष्काळात तेरावा महिना. दुसरी, प्रोसेसरवर पडणारा ड्रायव्हरचा भार. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर झकास दिसतं, १२ जीबी मेमरी आहे. पण त्याला रिसायझेबल बार चालू असणं गरजेचं आहे, आणि रायझन ५ २६०० सारख्या प्रोसेसरसोबत ते बरंच मागे पडतं हे २०२५ च्या सुरुवातीच्या चाचण्यांत स्पष्ट दिसलं. नव्या प्रोसेसरला चांगलं कार्ड जुन्यालाही चांगलं असेलच असं नाही.

आम्ही आरएक्स ६६०० वर थांबलो. ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, एक ८ पिनची केबल, रे ट्रेसिंगचं हार्डवेअरही आहे. "दादा, याच्यापेक्षा भारी नाही का येणार?" आलं असतं, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस सोडून. पण ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर त्याला ते भारीपण दिसलं नसतं.

एसएमपीएस: ज्याचं कौतुक कुणी करत नाही

कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस इतकी वर्षं टिकला, कारण त्याच्याकडून कुणी काही मागितलंच नव्हतं. नवं कार्ड आलं की त्याची परीक्षा सुरू होते. बाजूच्या स्टिकरवरचा मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड त्याच रेषेवर जगतात. तिथे १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट, वर ४५० लिहिलेलं असलं तरी.

आपला हिशेब करू. कार्ड १३२, प्रोसेसर पूर्ण भारात ९० पर्यंत, बाकी पंखे, डिस्क, बोर्ड मिळून ५० धरा. २७० च्या आसपास आलं. कार्ड क्षणभरासाठी याहून जास्तही ओढतं, म्हणून चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा घेतला की पुढच्या कार्डालाही पुरेल. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, एसएमपीएस किती दणकट आहे ते नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे ते विचारा. आणि एक नियम पाळाच: सुट्या केबलचा एसएमपीएस असेल तर जुन्याच्या केबल नव्याला लावायच्या नाहीत. खटक्यात बसतात, पण पिनांची जुळणी वेगळी असू शकते आणि धूर निघतो.

प्रोसेसर, आणि कुठे थांबायचं

इथे नशीब बोर्डचं. एएम४ सॉकेट फार काळ जगला. बायोस अपडेट केला तर बहुतेक बी४५० बोर्डवर २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी वापरलेला मिळाला तर ९६ एमबी एल३ कॅशमुळे गेममध्ये मोठाच फरक. रॅम तीच, बोर्ड तोच. म्हणून मावसभावाचा प्रोसेसर या फेरीत आम्ही बदललाच नाही. उद्या १४४ हर्ट्झचा मॉनिटर आला की तेव्हा बघू.

बदलताना क्रम मात्र पाळा. आधी जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस अपडेट करा, मग तो काढा. पीसी यूपीएसवर हवा, कारण अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मुका होऊ शकतो. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

ज्यांच्याकडे इंटेलची सातवी पिढी आहे, समजा आय५ ७४००, त्यांची गोष्ट वेगळी. त्या बोर्डवर फार तर आय७ ७७०० बसतो. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हे दोन्ही प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. रायझन ५ २६०० त्या यादीत आहे, फक्त बायोसमध्ये टीपीएम चालू करावं लागतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायलाही टीपीएम आणि सिक्युअर बूट लागतंच. तर सातव्या पिढीवाल्यांनी जुन्या बोर्डसाठी प्रोसेसर किंवा रॅम घेऊ नये. एसएसडी, एसएमपीएस, कार्ड हे पुढच्या मशीनमध्ये सोबत येतात, पैसे त्यांच्यात घाला.

वापरलेलं घेताना

लॅमिंग्टन रोडवर घ्या की ओळखीच्या माणसाकडून, कार्ड चालू मशीनमध्ये बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड उघडा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डं ते बऱ्याचदा पकडतं. आरएक्स ५८० घेत असाल तर शेडर २३०४ आहेत की २०४८ ते बघा, नाव एकच असलं तरी माल दोन प्रकारचा आहे. पंधरा मिनिटं ताणाची चाचणी लावा, पंख्यांचा आवाज ऐका, मूळ बिल मागा.

तर क्रम असा: साफसफाई आणि बायोस, मग मोजणी, मग रॅम आणि एसएसडी, मग एसएमपीएस आणि कार्ड एकत्र, आणि प्रोसेसर शेवटी, तोही बोर्ड साथ देत असेल तरच. मोजणीत काही वेगळं निघालं तर मोजणीचं ऐका, माझं नको. अकोल्याचा पीसी ३० हजारांत बसला. कॅबिनेट जुनंच आहे, एका बाजूची काच नाही, दिवेही नाहीत. सायबरपंक मात्र ६० वर टेकलाय आणि कॅडची फाइल उघडताना चहा करून यायची गरज उरलेली नाही.

यापुढे "कोणतं कार्ड घेऊ" असा मेल पाठवाल तेव्हा सोबत पाच गोष्टी लिहा: गेम चालू असताना जीपीयूचा टक्का, व्हीरॅम आणि रॅम किती भरते, एसएमपीएसच्या स्टिकरवरचे १२ व्होल्टचे अँपिअर, बोर्डचं पूर्ण नाव, आणि मॉनिटर किती हर्ट्झचा आहे. एवढं लिहिता लिहिताच तुमच्यातल्या निम्म्या लोकांना उत्तर सापडेल. बाकीच्यांसाठी आपण आहोतच. भेटू पुढच्या भागात!